मित्रासोबत कोकणातील टेकडीवरची सावकाश भटकंती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या भटकंतीला ट्रेक म्हणावे का?

म्हणायला हरकत नाही, पण तयारी मात्र ट्रेकची करू नये. येथे ज्या टेकड्यांचा विचार केला आहे, त्या समुद्रकाठच्या असून त्यांपैकी बहुतेकांची उंची शंभर ते चारशे मीटरच्या आत आहे. दोर, तंबू किंवा मोठी पाठपिशवी यांची तेथे गरज पडत नाही. लागते ती एक मोकळी सकाळ आणि सोबतीला असा एक मित्र, ज्याच्याबरोबर गप्पही बसता येते. अंतर कमी असल्यामुळे पुष्कळजण या वाटांना हलके लेखतात आणि सकाळी दहा वाजता निघून दुपारी बारा वाजता कातळावर अडकतात. कोकणात दिवसाची आखणी किलोमीटरवरून करून चालत नाही. ती ऊन, हवेतील दमटपणा, भरती-ओहोटी आणि परतीची शेवटची एसटी यांवरून करावी लागते, आणि पुढील बहुतेक उत्तरे याच एका गोष्टीभोवती फिरतात.

पहिल्यांदाच जाणाऱ्या दोघांनी कोणती टेकडी निवडावी?

मुंबईकडून येणाऱ्यांना मी नि:संकोचपणे कनकेश्वर सुचवतो. अलिबाग–रेवस रस्त्यालगतच्या मापगावातून वर जाणारी दगडी पायऱ्यांची वाट आंग्रेकाळातील आहे, बऱ्याच भागात झाडांच्या सावलीतून जाते आणि चुकण्याची भीती जवळजवळ नाही. रोजच्या चालीने तासाभरात वर पोहोचता येते. पण सावकाश जायचे ठरवले असेल, तर दीड ते दोन तास हाताशी ठेवावेत. वाटेत नागोबाचा टप्पा, गायमांडी, देवाची पायरी अशी जुनी विसाव्याची ठिकाणे आहेत आणि ती ज्यांनी योजली, त्यांना चढणाऱ्याच्या छातीचा भाता कोठे फुलतो हे नेमके ठाऊक होते, असे प्रत्येक टप्प्यावर टेकताना जाणवते. वर शंकराचे प्राचीन देऊळ आणि दगडी बांधणीची प्रशस्त पुष्करणी आहे. हवा स्वच्छ असेल, तर पश्चिमेकडे खांदेरी आणि उंदेरी ही जलदुर्गांची जोडी दिसते. त्यांपैकी खांदेरीचा समावेश जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून जाहीर केलेल्या मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांमध्ये झाला आहे.

ज्यांना इतकाही चढ नको असेल, त्यांनी रेवदंड्याची खाडी ओलांडून कोर्लईला जावे. दीपगृहाकडून वर चढणारी वाट अर्ध्या तासाच्या आत पोर्तुगीजांच्या किल्ल्यात नेऊन सोडते. हा डोंगर समुद्रात चिंचोळा शिरलेला आहे, त्यामुळे माथ्यावरून चालताना एका हाताला खाडी आणि दुसऱ्या हाताला खुला समुद्र असतो. पायथ्याच्या कोर्लई गावातील ख्रिस्ती समाज आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली आपली वेगळी बोली बोलतो. गावातून जाताना दोन मिनिटे थांबून ती कानावर पडू द्यावी.

रत्नागिरीच्या बाजूला मुचकुंदी नदीच्या मुखाशी असलेला पूर्णगड हा छोटासा किल्ला आहे. चढ म्हणाल तर नावापुरता आहे. ज्यांना बोलत बसायचे आहे, त्यांच्यासाठी ही जागा उत्तम.

कोणत्या महिन्यांत जावे?

दिवाळीनंतर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत सुखाचा. मार्च ते मे या महिन्यांत करवंदे, काजूची बोंडे, रतांबे, जांभळे यांची रेलचेल असते आणि अंजनीच्या फांद्या जांभळ्या-निळ्या फुलांनी लगडतात, हे सगळे खरे. परंतु तेव्हाची भटकंती सकाळी साडेनऊच्या आत संपवण्याची तयारी हवी.

पावसाळ्याविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. जांभ्या दगडाचे विस्तीर्ण सडे, म्हणजे माथ्यावरची सपाट कातळे, वर्षातील आठ महिने उघडेबोडके आणि भाजून निघालेले दिसतात, म्हणून प्रवासी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. पहिल्या सरींनंतर मात्र त्याच कातळावर दीपकाडीचे पांढरे तुरे उभे राहतात. ही वनस्पती कोकणपट्टीतील सड्यांखेरीज जगात अन्यत्र आढळत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कातळाच्या उथळ खळग्यांत, जेमतेम बोटभर पाण्यात, सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुले दाटीने उभी असतात. गुडघ्यांवर बसून पाहिले, तरच त्यांचा आकार कळतो. मातीत नत्र फार कमी असल्यामुळे ही वनस्पती पाण्यातील सूक्ष्म जीव मुळांसारख्या धाग्यांवरील पिशव्यांत पकडून आपली भूक भागवते. शेजारी गेंदाची पांढरी बोंडे आणि तेरड्याचा गुलाबी पट्टा असतो. असा सडा सावकाश चालणाऱ्यालाच दिसतो, कारण वेगाने जाणाऱ्याचा पाय नेमका त्या खळग्यातच पडतो.

धोका आहे तो शेवाळाचा. जांभा कोरडा असताना पायाला घट्ट धरतो, पण ओला आणि हिरवा झाला की त्याच्यासारखा दगाबाज दगड नाही. पावसाळ्यात कनकेश्वराच्या पायऱ्या उतरताना पाऊल आडवे टाकावे आणि हातात काठी ठेवावी. मुसळधार पावसाचा इशारा असेल किंवा वाटेतील वहाळ गढूळ होऊन चढू लागला असेल, तर माघारी फिरावे. पलीकडे जाऊन नंतर काय ते पाहू, हा विचार करू नये.

पहाटे निघणे खरोखर इतके आवश्यक आहे का?

होय. हवामानखाते सांगते तो आकडा कोकणात पुरेसा नसतो. तापमान ३२ अंशच असले, तरी हवेत बाष्प इतके असते की घाम अंगावरून उडून जात नाही, नुसता निथळत राहतो. आणि घाम उडाला नाही, तर शरीर थंड होण्याचे मुख्य साधनच निकामी होते. म्हणून देशावरच्या गडांवर चार-चार तास सहज चालणारी माणसेही येथे दीड तासात थकतात आणि आपली प्रकृती बिघडली की काय, अशा शंकेने घाबरतात.

रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे पहाटेपर्यंत टिकतात. ते थांबल्यानंतर आणि समुद्रावरून खारे वारे सुरू होण्याआधी मधे एक अशी वेळ येते, जेव्हा पानही हलत नाही. चढणीचा भाग त्या कुंद वेळेच्या आधी संपलेला असावा. उजाडता उजाडता पहिली पायरी चढली, तर माथ्यावरची विश्रांती आणि खाऱ्या वाऱ्यांची पहिली झुळूक यांची गाठ पडते. दोन मित्रांनी आदल्या रात्री गप्पांत बाराच्या पुढे जागायचे की सकाळी चढायचे, याचा निवाडा आदल्या संध्याकाळीच करून टाकावा.

पाणी किती न्यावे?

माणशी दोन लिटर, मार्चनंतर तीन. वरच्या देवळात पाणी मिळेल, यावर विसंबून राहू नये. नुसते पाणीच पीत राहिल्यास अंगातील मिठाचे प्रमाण घटते, म्हणून एक बाटली मीठ-साखरेच्या पाण्याची असावी : एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. कोकमाचे आगळ घालून केलेले सरबत चवीला अधिक बरे लागते. चालणे थांबल्यावरही डोके जड वाटणे, मळमळणे, बोलताना शब्द अडखळणे ही लक्षणे दिसली, तर ती थकव्याची समजू नयेत. त्या माणसाला लगेच सावलीत बसवावे, कपडे सैल करावेत, मान आणि काखा ओल्या फडक्याने पुसत वारा घालावा आणि मदत मागवावी. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

माझी आणि मित्राची चाल जुळत नाही. काय करावे?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचाही आहे. नियम एकच : जो हळू चालतो, त्याने पुढे राहावे. वेगवान मित्र पुढे गेला, की तो वळणावर थांबून वाट पाहतो. मागचा धापा टाकत तेथे पोहोचतो, आणि तो पोहोचताच विश्रांती पुरेशी झालेला पहिला उठून चालू लागतो. परिणामी, ज्याला विसाव्याची गरज अधिक, त्यालाच तो मिळत नाही. शिवाय संकोचाने तो बोलतही नाही. ‘तू हो पुढे, मी येतो’ हे वाक्य ऐकले, की आपली चाल चुकत आहे हे ओळखावे आणि पुढे होऊ नये.

योग्य चाल ओळखायला घड्याळ लागत नाही. चढताना दोघांनाही पूर्ण वाक्ये बोलता आली पाहिजेत. एकाची उत्तरे ‘हो’ आणि ‘हं’ यांवर येऊन ठेपली, तर थांबण्याची वेळ झाली आहे. थांबण्यासाठी निमित्त शोधून देणे ही सोबत्याची जबाबदारी होय : बुटाची नाडी बांधावी, धनेशाची जोडी कोठे उतरली ते पाहावे, पाण्याची बाटली आधी आपण काढावी.

अनेक वर्षांनी भेटलेल्या मित्रांसाठी टेकडीची वाट हॉटेलच्या टेबलापेक्षा अधिक उपकारक ठरते, असे मला मनापासून वाटते. समोरासमोर बसल्यावर जे विचारणे अवघड जाते, ते एकामागे एक चालताना सहज विचारता येते, कारण उत्तर देणाऱ्याला डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही आणि उत्तर द्यायचेच नसेल, तर चढ हे पुरेसे कारण असते. नोकरी गेलेली, घरात आजारपण आलेले, वडील नुकतेच वारलेले असा सोबती असेल, तर विषय आपण काढू नये. वाट लांबची निवडावी आणि त्याला वेळ द्यावा.

नकाशावर वाट दिसत नाही. गावात कसे विचारावे?

कोकणातील गावांत वाटांना स्वतंत्र नावे आहेत आणि ती वापरली, की उत्तर नेमके मिळते. वाड्यांमधून चढणारी जांभ्याच्या पायऱ्यांची वाट म्हणजे पाखाडी. दोन गडग्यांच्या, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणांच्या, मधून जाणारी अरुंद वाट म्हणजे पाणंद. माथ्यावरचे सपाट कातळ म्हणजे सडा. ‘ही पाखाडी सड्यावर निघते का?’ असे विचारल्यास घरातील वयस्कर माणूस अंगणात येऊन, हात करून वाट दाखवतो. पुरुषांना काका वा आजोबा आणि बायकांना काकू वा आजी म्हणावे. घाईने प्रश्न विचारून पाठ फिरवू नये.

आंबा-काजूच्या बागा खासगी मालकीच्या असतात. गडगा ओलांडून आत शिरू नये, आणि झाडाखाली पडलेला आंबाही विचारल्याशिवाय उचलू नये. एका कलमामागे वर्षभराची राखण असते. जानेवारीनंतर वाळलेल्या गवतात काडी वा विडीचे थोटूक टाकणे हा तर गुन्हाच समजावा. वणवा सड्यावरून बागेत उतरायला वेळ लागत नाही. देवराईत पान-फूल तोडू नये आणि मोठ्याने गाणी लावू नयेत.

समुद्रालगतच्या डोंगरवाटांसाठी वेगळी काळजी घ्यावी लागते का?

निश्चितच. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणा मार्ग हे ठळक उदाहरण आहे. देवळामागून पायऱ्या चढून वाट डोंगरावर जाते, खडकांच्या अरुंद फटीतून खाली उतरते आणि मग लाटांनी कोरलेल्या कातळावरून समुद्राच्या कडेने परत फिरते. ओहोटीच्या वेळी ही प्रदक्षिणा अतिशय सुंदर आहे. भरतीच्या वेळी तिचा खालचा भाग प्राणघातक ठरू शकतो आणि तेथे माणसे दगावली आहेत.

भरतीची अंदाजे वेळ काढण्याची किनाऱ्यावरची जुनी रीत प्रत्येकाने शिकून घ्यावी : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, म्हणजे भरती तीनच्या सुमारास, पहाटे आणि दुपारीही. त्यामुळे ओहोटी सकाळी नऊच्या आसपास. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास येते. पौर्णिमेला आणि अमावास्येला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा होते, म्हणजे ऐन मध्यान्हीच्या आधी समुद्र पूर्ण भरलेला असतो, आणि त्या दिवसांत उधाण असल्यामुळे पाणी नेहमीपेक्षा वर चढते.

आता सुट्ट्यांचा विचार करा. होळी पौर्णिमेला येते, लक्ष्मीपूजन अमावास्येला, कोजागरी आणि त्रिपुरी याही पौर्णिमाच. म्हणजे ज्या जोडून आलेल्या सुट्टीत सर्वाधिक माणसे किनाऱ्यावर उतरतात, त्याच दिवशी उधाण असते आणि न्याहारी आटोपून लोक प्रदक्षिणेला निघतात, तीच वेळ भरतीची. सणाच्या दिवशी समुद्रकडेची वाट सोडून द्यावी आणि वरची टेकडी चढावी, हा माझा आग्रह आहे. वरील हिशेब केवळ अंदाजासाठी आहे. निघण्यापूर्वी त्या दिवसाचे भरतीचे वेळापत्रक पाहावे आणि देवळाजवळच्या दुकानदारालाही विचारावे. त्याने ‘आता जाऊ नका’ म्हटले, तर जाऊ नये. पावसाळ्यात ही प्रदक्षिणा करूच नये.

साप आणि विंचू यांची भीती कितपत खरी आहे?

भीती नको, पण माहिती हवी. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर फुरसे बऱ्यापैकी आढळते. हा साप जेमतेम हात-दीड हात लांब, कातळाच्या रंगात मिसळणारा आणि बहुधा सुट्या दगडाखाली बसलेला असतो. डिवचला गेला, तर तो अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा खरखर आवाज काढतो. तो आवाज ऐकू आल्यास जागच्या जागी थांबावे, कोठून येतो ते पाहावे आणि मग मागे सरावे. बसण्यासाठी दगड सरकवू नये, गडग्याच्या फटीत हात घालू नये, अंधारात विजेरीवाचून चालू नये आणि घोटा झाकणारे बूट घालावेत. एवढे पाळल्यास दंशाचा संभव फार कमी होतो.

दंश झालाच, तर जखम कापणे, चोखणे, वर घट्ट आवळून बांधणे हे काहीही करू नये. चावलेला अवयव न हलवता, माणसाला धीर देत, शक्य तितक्या लवकर सर्पदंशावरील प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात न्यावे. आपल्याकडे मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांवर चालते, त्यामुळे साप मारून बरोबर नेण्याची गरज नसते.

लाल विंचवाचा दंश कोकणात एके काळी मृत्यूचे मोठे कारण होता. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि ते चित्र पालटले; २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उपचार आहे, तो वेळेवर घेणे मात्र आपल्या हाती. खूप घाम येणे, हात-पाय गार पडणे, उलट्या होणे ही लक्षणे दिसल्यास ‘विंचूच तर आहे’ म्हणून घरगुती उपायांवर वेळ घालवू नये.

सड्यावर कातळशिल्पे दिसली, तर काय करावे?

पाहावीत, त्यांच्यावर पाय देऊ नये. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, उक्षी आदी ठिकाणची ही कोरीव चित्रे २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या आकाराच्या आत इतर प्राण्यांच्या आकृती कोरलेल्या आहेत. छायाचित्र स्पष्ट यावे म्हणून रेषांत खडू, चुना किंवा रांगोळी भरण्याची सवय चांगल्या माणसांतही दिसते. ती कृपया सोडावी. सकाळी आठच्या आत किंवा सायंकाळी पाचनंतर तिरप्या उन्हात रेषांच्या सावल्या आपोआप उठून दिसतात.

डब्यात काय न्यावे?

दडपे पोहे, तांदळाची भाकरी आणि सुकी चटणी, गूळ-शेंगदाणे, केळी. दुधाचे पदार्थ दमट हवेत टिकत नाहीत. केळीची सालेसुद्धा खाली परत आणावीत, कारण वर टाकलेल्या खाण्याने माकडे माणसांच्या पिशव्या ओढायला शिकतात.

गुडघे दुखणाऱ्या किंवा वयस्कर मित्राला नेता येईल का?

नेता येईल, पण चढ पाहून ठरवू नये, उतार पाहून ठरवावे. चढताना दम लागतो, उतरताना गुडघ्यावर भार येतो, आणि पायऱ्यांच्या वाटेवर तो प्रत्येक पावलाला येतो. कनकेश्वराऐवजी पूर्णगड किंवा गणपतीपुळ्याची प्रदक्षिणा निवडावी. गणपतीपुळ्याला डोंगरालाच देवाचे रूप मानले जात असल्यामुळे देवळामागच्या संपूर्ण टेकडीला फरसबंद वाटेने वळसा घालता येतो. हृदयविकार असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

मोबाइलला रेंज असते का?

माथ्यावर बहुधा असते, दरीच्या बाजूला नसते. घरी वाटेचे नाव आणि परतण्याची वेळ सांगून निघावे.

जोडून सुट्टी आली, की रस्ते तुंबतात. कसे जावे?

मुंबई–गोवा महामार्गावर शुक्रवारी रात्री निघून शनिवारची पहाट टेकडीवर गाठण्याचा बेत सहसा फसतो. अलिबागकडे जाणाऱ्यांनी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट घ्यावी. गेटवेवरून सुटणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, हे ध्यानात ठेवावे. रत्नागिरी-सिंधुदुर्गासाठी कोकण रेल्वे बरी, मात्र आरक्षण ६० दिवस आधी उघडते आणि सणासुदीच्या तारखांना ते पाहता पाहता भरते. तिकीट मिळाले नाही, तर सुट्टीच्या मधल्या दिवसाऐवजी शेवटच्या दिवशी सकाळी चढावे. बहुतेक पर्यटक त्या वेळी सामान बांधत असतात.

परतीची शेवटची एसटी चुकली, तर?

ती चुकू नये म्हणून सकाळी उतरतानाच कंडक्टरला परतीची वेळ विचारून घ्यावी. फलकावरची वेळ आणि खरी वेळ यांत फरक असू शकतो. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, तेव्हा साडेचारला माथा सोडलेला असावा. तरीही गाडी गेली, तर अंधारात रस्त्याने चालत सुटू नये. थांब्याजवळच्या दुकानात विचारावे. रिक्षा किंवा टेम्पो बहुधा ठरवून मिळतो. तेही जमले नाही, तर गावात मुक्कामाला येणारी वस्तीची गाडी आहे का, याची चौकशी करावी. ती रात्री गावात थांबते आणि पहाटे तालुक्याच्या गावी निघते. अशा वेळी देवळाच्या धर्मशाळेत किंवा गावातील घरगुती निवासात रात्र काढता येते. यजमानांना जेवणाचे आठच्या आत सांगावे आणि निघताना पैसे विचारून पूर्ण द्यावेत.